गोमेच्या राजाचं माप

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, गोमेच्या राज्यात पाया पडण्यास सक्त मनाई आहे.

हुकूम राजाच्या नावाने असला तरी काढला होता मी. तेव्हा मी दहावीत होते, विट्याजवळच्या एका गावात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कथाकथनाची स्पर्धा होती आणि पहिला येईल त्याला साताऱ्याच्या मोठ्या स्पर्धेला पाठवणार होते. मला साताऱ्याला जायचं होतं. तोवर मी विट्याच्या पलीकडे गेले नव्हते.

मनाईचं कारण उघड आहे. गोमेला पाय शंभर. नवी सून पहाटे सासूच्या पाया पडायला लागली की न्याहारीच्या वेळेला कशीबशी चाळिसाव्या पायाशी पोचायची. चूल थंड, सासरा उपाशी. म्हणून ती चालच बंद. त्या राज्यात घराला जिना नाही, पण ओसरी मात्र गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाहुण्याला "आलात का?" विचारलं तर तो म्हणतो, "निम्मा आलोय." लढाईत पाय गेला म्हणून पेन्शन मागायला आलेल्या शिपायाला साहेब सांगतो, "कुठला गेला, मोजून दाखव." आमच्याकडे घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळे इथे हशा ठरलेला.

आणि चपला? एकेकाला शंभर. म्हणजे त्या राज्यात सगळ्यांत मोठा माणूस कोण, हे मी सांगायला नको. सेनापती नाही, पुरोहित नाही. चपला शिवणारा.

आमचे अण्णा चपला शिवायचे. बाजारच्या दिवशी लिंबाखाली पोतं टाकून बसायचे, पुढ्यात कातडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. गिऱ्हाइकाने कागदावर उभं राहायचं, अण्णांनी पायाभोवती पेन्सिल फिरवायची. आमच्या हातचं पाणी न पिणारी माणसंही पाय मात्र खुशाल आमच्या हातात द्यायची. फक्त तोल जायला लागला की अण्णांच्या खांद्यावर हात टेकवायच्या ऐवजी लिंबाची फांदी शोधायची. एकदोघे पडलेही. मी हसले म्हणून अण्णांनी मला दटावलं, आणि मग तोंड फिरवून स्वतःही हसले.

गोष्टीचा शेवट याच पोत्यावरून आला होता. गोमेचा राजा माप द्यायला येतो. शंभर पायांचं माप, चार दिवस लागणार. चार दिवस राजा उभा आणि चपला शिवणारा बसलेला.

तालमीला मराठीचे सर होते. भले माणूस, पण पाहुण्यांना फार भ्यायचे. म्हणाले, "गोष्ट झकास आहे. शेवट तेवढा बदल."

"का, सर?"

"राजाने ताटकळत उभं राहायचं आणि त्याने बसायचं? समोर पाहुणे असणार. राजाला पलंगावर आडवा दाखव. हा खाली उभा राहून माप घेईल, वाकून नमस्कार करील आणि राजा त्याला शालजोडी देईल."

"पाया पडायला मनाई आहे, सर."

"मग हात जोडेल. आणि हे बघ, जमत नसेल तर तुझं नाव काढतो."

संध्याकाळी मी हे अण्णांना सांगितलं. साताऱ्याचंही सांगितलं. ते चपलेला बाजूचे कातडी कान शिवत होते. त्यांनी टाका ओढून घेतला. मग म्हणाले, "आडवा पडल्यावर माप कसं घ्याचं?"

"गोष्टच आहे की, अण्णा."

"गोष्ट असली म्हणून काय झालं? भार टाकल्याबिगर पाय खरं बोलत न्हाई. पडल्या पायाचं माप घितलं तर चप्पल करकचून चावती. राजा हाय म्हणून काय त्येचा पाय पसरत न्हाई व्हय?"

झालं. प्रश्न आता मानापमानाचा राहिला नाही, कामाच्या रीतीचा झाला. सरांना मी "बदलते" म्हणाले. खोटं बोलले, आणि आजही मला त्याचं काही वाटत नाही.

गॅदरिंग भर दुपारी, मांडवात. प्रमुख पाहुणे म्हणजे तालुक्यातले एक बडे पुढारी, पहिल्या रांगेत खुर्चीवर. त्यांच्या पायातली चप्पल अण्णांच्या हातची होती. म्हणजे हे गृहस्थ आमच्या कागदावर उभे राहून गेले होते. अण्णा बाजारातून परस्पर आलेले, पिशवीसकट अगदी मागे, पोरांनी काढून ठेवलेल्या चपलांच्या ढिगाजवळ बसले होते. चार माणसांत ते कधी बोलत नसत. ग्रामसभेतसुद्धा नुसती मान हलवायचे.

सुनेला हशा आला. शिपायाला तर टाळ्या आल्या. मग मी पदराआडून वर्तमानपत्र काढलं, स्टेजवर पसरलं आणि ऐसपैस मांडी घालून बसले. विंगेतून सरांचा आवाज आला, "ऊठ. ऊठ म्हणतो ना."

मी मान वर करून म्हणाले, "राजेसाहेब, नीट उभे राहा. वाकू नका. भार टाका."

मी पेन्सिल फिरवायला लागले. एक, दोन, तीन. दहाव्या पायाला पुढे बसलेली पोरं माझ्याबरोबर मोजायला लागली. विसाव्याला मागच्या बायाही. राजाने बसायची परवानगी मागितली, मी दिली नाही. पाहुण्यांनी आपले पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले. ते मला वरून स्पष्ट दिसलं आणि माझा आवाज आणखी चढला. साताऱ्याची एस.टी. चुकली हे तेव्हाच कळलं होतं. मग कमी आवाजात कशाला मोजायचं?

बेचाळिसाव्या पायाला सरांनी शाळेच्या शिपायाला खूण केली आणि पडदा दोन्ही बाजूंनी माझ्या अंगावर सरकायला लागला. पोरं मोजायची थांबली. तेवढ्यात मागे, चपलांच्या ढिगापाशी, अण्णा उठून उभे राहिले.

"आवं मास्तर, पडदा थांबवा की. राजाचं अजून अठ्ठावन्न पाय ऱ्हायल्यात."