गळ्याखालची चव

प्रेमानंद आठ वर्षं नाशिककडच्या एका वायनरीत टाक्यांवर होता. आईला लकवा झाला आणि दोन वर्षांपूर्वी तो कुरुंद्याला परतला. आता हळद करतो. मी वसमतला राहतो. आम्ही शाळासोबती.

गेल्या रविवारी त्याने बोलावलं. नाशिकहून जुन्या सोबत्याने वाइनच्या दोन बाटल्या पाठवल्या होत्या, एक लाल, एक पांढरी. दोन्ही त्याच्या हातच्या, तो निघाला त्या वर्षीच्या.

आम्ही बांधावर बसलो. स्टीलच्या ग्लासात त्याने पांढरी ओतली, हुंगली, घोट तोंडात फिरवला आणि सरीत थुंकला.

"खराब झाली?"

"न्हाई. म्या थुंकतोच."

मला चेष्टा वाटली. तो सांगत गेला. नोकरीला निघताना आईने, पद्माबाईंनी, त्याला विहारात नेऊन पंचशील म्हणायला लावलं होतं. मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं पाचवं शील दोनदा. वायनरीत चव बघणारे सगळेच थुंकतात, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. आठ वर्षांत एक थेंबही त्याच्या गळ्याखाली गेला नव्हता.



"तिथली जमीन बी आपल्यासारखीच, लाव्ह्याची," तो म्हणाला. "तिची चव गिळल्यावर कळती म्हनतात. मागं गळ्यात राहती म्हनं. किती राहती, ते मला कधीच कळलं न्हाई." त्याने ग्लास माझ्यापुढे केला. "तू पी. मराठीत एम.ए. हाईस. बराबर सांग."

"याच्यासाठी बोलावलंस?"

"मंग काय हळद काढायला?"

मी कधी प्यालो नव्हतो. पांढरी गार, आंबट. झटकन गेली.

"कैरीसारखी," मी म्हणालो.

"कैरी तर मला बी लागली. पुढचं सांग."

पुढे काही नव्हतं. मग लाल. जांभळासारखी जीभ ओढणारी. छातीत ऊब उतरली. तो माझ्या गळ्याकडे पाहत होता.

"हाय का?"

"आहे."

"अजून?"

"आहे."

घरातून आईची हाक आली. त्याने खळखळून चूळ भरली आणि उठला. "वसमतपर्यंत ध्यान ठेव. पानी पिऊ नको. कुनाशी बोलू नको."

बसमध्ये शेजारच्या आजोबांनी गाव विचारलं. मी नुसता हसलो. ते खिडकीकडे वळले. बस कालव्याच्या पुलावर आली आणि चव गेली.

स्टँडवर उतरून मी फोन लावला.

"कालव्यापर्यंत होती."

 

"कोन्त्या काठापर्यंत?" त्याने विचारलं. "अलीकडच्या का पलीकडच्या?"