परत पाठवलं, पण थांबली नाही

फौजदार,

तुझ्या ऑफिसचा अंक निघतोय म्हणे, आणि त्यात तुझ्यावर चार ओळी मी लिहायच्या. "आत्या आहात, गोड लिहा," असं वर सांगितलंय. गोड मला जमत नाही. शिवाय तुला समोर बसवून तुझीच गोष्ट तुला काय सांगायची? तेव्हा तिऱ्हाइताची सांगावी तशी सांगते. मध्ये तोंड घालू नकोस.

तर ही मुलगी चार वर्षांची असल्यापासून घराचं दार तिच्या ताब्यात. बेल वाजली की साखळी न काढता फटीतून तीन प्रश्न: "कोण? कुणाकडे? काय काम?" एकाला जरी कुणी अडखळलं तरी दार धाडकन बंद. सख्ख्या मामाला तिनं पाऊण तास जिन्यात बसवलं होतं, कारण "काय काम?" या प्रश्नाला तो "सहज" म्हणाला. तेव्हापासून ती फौजदार.

पुढे शिकली आणि झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर, सहा टेबलांच्या ऑफिसात, जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत वेबसाइट लिहायला लागली. तिथेही काम तेच! डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी तिनं ऑपरेशनची तारीख रद्द करायचं पान केलं. पेशंटला मोबाइलवर लिंक जायची. लिंकच्या शेपटीला त्याचा नंबर आणि एक गुप्त शब्द. पान उघडताक्षणी, डोळ्यांना काही दिसायच्या आत, तपासणी: नंबर आहे का? आकडाच आहे ना? हा शब्द याच नंबरचा का? कुठे खोट निघाली की पाहुण्याची रवानगी पहिल्या पानावर. "माझ्या दारातून माशीसुद्धा आत जायची नाही," असं ती ज्याला त्याला ऐकवायची.

आणि एका मंगळवारी दवाखान्यातून फोन आला. शुक्रवारी नऊचं ऑपरेशन असलेल्या एका बाईंची तारीख आपोआप रद्द झाली होती आणि नऊची वेळ दुसऱ्या पेशंटला देऊनही झाली होती. या बाई म्हणजे आत्याच्या शेजारच्या निवृत्त हेडबाई. तीन महिने वाट बघत होत्या. वाचन बंद पडल्यामुळे जीव मेटाकुटीला आलेला, आणि पुढची तारीख आणखी दोन महिन्यांनी.

"शक्यच नाही," फौजदार तणतणली. "तपासणी आहे तिथे. मी स्वतः लिहिलीय."

शेजारच्या टेबलावरचे काका या कामात केस पिकवून बसलेले. त्यांनी नोंदी उघडल्या. "सोमवारी चार वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी चारशे तेरा नंबर घेऊन आलं. शब्द जुळला नाही. तू त्याला परत पाठवलंस."

"मग? बरोबरच आहे."

"आणि त्याच सेकंदाला चारशे तेराची तारीख रद्द. भुतानं केली का?"

"पण मी परत पाठवलं ना!"

"त्याला पाठवलंस गं. तू थांबलीस का?"

तिनं आपलेच चार-पाच ओळींचे हुकूम पुन्हा वाचले आणि तिचे कान तापले. जावात "याला दुसऱ्या पानावर पाठव" म्हटलं म्हणजे काम तिथे थांबत नाही. पाहुणा जातो, पण तारीख रद्द करणाऱ्या खालच्या ओळी निमूट चालत राहतात. थांबायचं तर पुढे "रिटर्न" लिहावं लागतं. तेवढा एक शब्द राहिला होता. म्हणजे दारातल्या माणसाला "चालता हो" म्हणायचं आणि त्यानं आणलेली चिठ्ठी मात्र आत नेऊन द्यायची.

"आणि नुसतं पान उघडल्यावर तारीख रद्द होतेच कशी?" काका म्हणाले. "बटण ठेव. माणसाला 'हो' म्हणू दे."

सोमवारी चार दहा. तिला काहीतरी आठवलं आणि तिनं फोन लावला.

"आत्या, तुझी तारीख रद्द करायची ती लिंक काल कशी उघडलीस?"

"मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी. कागदावर उतरवली आणि कॉम्प्युटरवर टाइप केली. तुझ्या पानानं हाकललं मला. सांगितलं नव्हतं का काल?"

"नंबर काय लिहिलास?"

"चारशे तेरा."

"मेसेज बघ नीट. भिंग घे."

भिंगासाठी ड्रॉवर धुंडाळल्याची खुडबुड. "अठरा असेल. तेरा काय, अठरा काय! मोतीबिंदूवाल्यांना लिंक पाठवता आणि वर उलटतपासणी घेता?"

आत्याचा यात काडीचा दोष नव्हता, हे आत्याचं मत आजही कायम आहे.

फौजदारनं तो शब्द लिहिला, बटण बसवलं, चुकीचे नंबर, रिकामे नंबर, नंबराच्या जागी चक्क मामाचं नाव, सगळं घालून पाहिलं. मग ती दवाखान्यात गेली. काउंटरवरच्या बाईंना "सिस्टिमचा घोटाळा" असं सांगता आलं असतं. ऑफिसातून तसा सल्लाही मिळाला होता. ती म्हणाली, "चूक माझी आहे. चारशे तेराच्या बाईंना शुक्रवारच द्या."

"शुक्रवार भरलाय हो."

"चारशे अठरा बघा. अकराची वेळ. त्या पेशंटला रद्दच करायचं होतं. एका डोळ्यानं निभतंय म्हणते. तिची तारीख अजून तशीच असेल."

होती! आत्याच्या होकारासाठी फोन गेला, होकार आला, आणि इतक्या उशिरा विचारल्याबद्दल चार शब्दही आले. शुक्रवारी अकराला हेडबाई आत गेल्या. आठवड्यानं दवाखान्यात तपासणीला आल्या तेव्हा पट्टी सुटलेल्या डोळ्यानं त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"माझ्या शाळेत असतीस तर बाकावर उभी केली असती."

"आधीच उभी आहे, बाई. तुम्ही बस म्हणालाच नाहीत."

हेडबाई इतक्या हसल्या, की नर्सनं येऊन दोघींना दटावलं.

तर फौजदार, झाली गोष्ट. त्याच दिवशी माझ्या घरी येऊन तू म्हणालीस, "आत्या, तुझ्या दारातून कुणीही आत येतं. साखळी लावून देते." साखळी मी आणली. ती ड्रॉवरमध्ये आहे. स्क्रू लांबीला बरोबर आहेत का बघते म्हणून जे घेऊन गेलीस, ते अजून तुझ्या पर्समध्ये आहेत.