ओटीला पहिला हात

आमच्या गावात कुणाचं डोहाळजेवण असो की नव्या सुनेची ओटी भरायची असो, पहिला हात माझा असायचा. पोरगी पाटावर बसली, तिनं पदर पसरला, की बाया म्हणायच्या, काकूला पुढं होऊ द्या. मग मी सूप जवळ ओढायची. खण, नारळ, हळकुंड, सुपारी, आणि वरून ओंजळीनं गहू. गहू टाकताना मोठ्यानं म्हणायची, "दुधापुतानं मांडी भरू दे." पोरगी लाजायची, बाया हसायच्या, आणि मला आतून लई बरं वाटायचं.

हा मान मला का, तर मला पाच लेकरं. चार पोरं, एक पोरगी, आणि पाचही जगली. ह्याच्याशिवाय माझ्या हातात काही गुण नव्हता. शाळा चौथीपर्यंत. पुढचं लिहिणं-वाचणं पोरांच्या पुस्तकांवर बसून शिकले, तेही चुलीपुढं. पण ओटीच्या वेळी शिकलेल्या बायासुद्धा मला वाट द्यायच्या.

आता नांदेडला पोराच्या घरी असते. टीव्हीवर कुणीकुणी बोलत असतं, देशात माणसं इतकी का वाढली म्हणून. मला देशाचं कळत नाही. आमच्या गल्लीचं कळतं. आमच्या गल्लीत कुणी कुणावर बळजबरी केली नाही. कुणाला नुसता मान दिला, आणि कुणाला नुसता दिला नाही. जिला पोरं जास्त तिचा हात पहिला. जिला सगळ्या पोरीच, तिचा शेवटी. आणि जिला लेकरूच नाही, ती भांडी घासायला सकाळपासून असायची, ओटी भरायच्या वेळी मात्र तिला आपोआप काहीतरी काम निघायचं बाहेर. तिला जा म्हणून कुणी सांगत नव्हतं. मी तर कधी वळूनसुद्धा बघितलं नाही ती कुठं गेली ते.

माझी धाकटी जाऊ माझ्यापेक्षा सोळा-सतरा वर्षांनी लहान. बारावी शिकून आलेली, बोलायला कमी, हिशेबाला पक्की. तिला दोन पोरी झाल्या. धाकटी दोन वर्षांची झाली तशी तिनं आपलं ठरवून टाकलं की आता ऑपरेशन करून घ्यायचं. दीर माझा गरीब स्वभावाचा, तोही तयार. सासूबाई तेवढ्या रुसल्या, पण त्यांचं वय झालेलं, त्यांचं कोण ऐकतंय. माझं मात्र घरात सगळे ऐकायचे. शिबिराची जीप सकाळी येणार होती, आणि आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी ओसरीवर तूर निवडत बसलो होतो.

माझं माहेर किल्लारीच्या शेजारचं. भूकंपात आमच्या घरामागं राहणाऱ्या एका बाईची दोन्ही लेकरं गेली. तिचं ऑपरेशन झालेलं होतं. ती बाई पुढं किती दिवस पत्र्याच्या शेडपुढं बसून राहायची, ते मी डोळ्यानं बघितलं होतं. त्या दुपारी मी जावेला तेच सांगितलं. म्हटलं, माझ्या चार पोरांतलं एक मी तुला देणार नाही, आणि वरचा विचारून नेत नसतो. दोनावर भरवसा धरत नाहीत. उद्या काही झालं तर काय करशील, दवाखान्यातली नर्स येईल का तुझ्यापाशी बसायला?

 ती तुरीतले खडे बाजूला काढत राहिली. मग एवढंच म्हणली, "अक्का, मला नको वाटतंय. पण तुम्ही बघितलंय म्हणता."

सकाळी जीप आली. जाऊ बाहेर गेली नाही, म्हणून मीच गेले आणि पुढच्या बारीला बघू म्हणून सांगितलं. नर्स चांगली होती, गावातल्या बऱ्याच बाळंतपणांना तिचाच हात लागलेला. तिनं मला समजावलं, की मावशी, दोन लेकरांचा कायदा आलाय, तिसरं झालं की निवडणुकीला उभं राहता येत नाही. मी हसले. म्हटलं, "आमच्या घरात कोणाला आमदार व्हायचंय बाई? आम्हाला एक पोरगं द्या म्हणजे झालं." जीपमधल्या बाया पण हसल्या. माझ्या तोंडचं ते वाक्य लई दिवस गावात चाललं.

वर्षाच्या आत तिसरी पोरगीच झाली.

घरी बाळंतपण झालं. मी जवळ होते. पोरगी हातात घेतली तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, "झालं, तिसरी." जगात आल्यावर तिच्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य हे. जावेनं ते ऐकलं, मला माहीत आहे. सव्वा महिना झाल्यावर ती कुणाला न विचारता दिराला घेऊन दवाखान्यात गेली आणि ऑपरेशन करून आली. मला संध्याकाळी कळलं. मी तिला खायला शिरा करून नेला, तिनं खाल्ला. आमच्यात त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

आता खोटं कशाला सांगू, ती पोरगी सगळ्यांत माझ्याच अंगाखांद्यावर जास्त. मला मोठी आई म्हणायची. शाळेतून आली की दप्तर माझ्या खोलीत, जेवण माझ्या ताटात. माझी पोरं तोपर्यंत पांगली होती, एक पुण्याला, एक लातूरला, एक नांदेडला. चौघांत शेत वाटलं तेव्हा बांधच इतके झाले, की औत वळवायला जागा राहिली नाही. ज्या चार पोरांच्या जोरावर मी ओटी भरत फिरले, त्यातला एकच गावात, आणि तोही दुकान टाकून बसलेला. घरात पायाचा आवाज काय तो ह्या लहानीचा.

इकडं जावेनं बायकांचा बचत गट धरला. आधी दहा बाया, मग तीन गट. नळाचं पाणी वरच्या आळीला चढत नव्हतं, तर ती बायांना घेऊन तालुक्याला जाऊन बसली आणि पाईप बदलून आणला. बोलायची अजूनही कमीच, पण ती उठली की माणसं गप्प व्हायची. म्हणून सरपंचाची जागा बाईसाठी सुटली तेव्हा नाव काढायचं कामच पडलं नाही. पारावरचे म्हातारे सुद्धा तिलाच म्हणायला लागले. मी पहिल्यांदा तिला आरशात बघून पदर नीट करताना पाहिलं.

फॉर्म आणला. ती ओसरीवर बसून वाचायला लागली, त्याच जागी. वाचता वाचता तिचं बोट एका ओळीवर थांबलं. मी विचारलं काय झालं. तिनं कागद माझ्यापुढं केला आणि पाणी आणायला आत गेली. दोनापेक्षा जास्त लेकरं नाहीत म्हणून लिहून द्यायचं होतं. मला ती नर्स आठवली, जीप आठवली, माझं हसणं आठवलं.

मला वाटलं, मी बिघडवलंय तर मीच नीट करते. त्यात माझी दुसरी चूक झाली, आणि ती पहिलीहून मोठी. आमच्या भागात लोक हे करतात, तिसरं लेकरू भावाच्या नावावर लावतात. जाऊ पाण्याचा तांब्या घेऊन आली तशी मी म्हटलं, "लहानीला माझ्या नावावर लाव. घरातच तर झालीय, दवाखान्यात कुठं लिहिलंय. शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव बदलून आणू. माझी चार पोरं, त्यात ही एक पोरगी वाढली तर काय बिघडतंय. तुझी वाट मोकळी."

जाऊ उभीच होती. म्हणली, "अक्का, होताना तुम्ही मागितली. आता पुसायला पण तुम्हीच सांगता."

मग फॉर्मची घडी घातली आणि पत्र्याच्या डब्यात ठेवली. एवढंच. रडली नाही, भांडली नाही. पण मी मागं वळले, तर दारात लहानी. दहा-अकरा वर्षांची. हातात दप्तर, माझ्या खोलीत ठेवायला आणलेलं. ते तिनं तसंच खांद्याला अडकवलं आणि त्यांच्या खोलीकडं गेली.

सरपंच दुसरी बाई झाली. चांगली होती बिचारी, पण शिक्का नवऱ्याच्या खिशात. वरच्या आळीला पाणी पुन्हा कमी यायला लागलं, तसे लोक जावेकडंच यायचे, आणि ती सांगायची, माझ्या हातात काय हाय आता. लहानी माझ्या ताटात पुन्हा जेवली नाही. मोठी आई म्हणायची, विचारलं तर उत्तर द्यायची, पण पाण्याला सुद्धा थांबायची नाही. ती एवढीशी पोर, तिला वाटलं असेल, आपण नसतो तर सगळ्यांचं बरं झालं असतं. तसं तिला वाटतंय का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर एकदा मी माहेरी लग्नाला गेले. नव्या गावठाणात ती भूकंपातली बाई भेटली. म्हातारी झाली होती. मी तिच्यापाशी बसले आणि सगळं बोलून टाकलं, तुझं उदाहरण देऊन मी असं केलं म्हणून. मला वाटलं ती म्हणेल, बरोबर केलंस. तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणली, "बैलाची जोडी हाय का बाई, एक मेला की दुसरा जुपायला? मला अजून चार असती तरी मी त्या दोघांसाठीच बसले असते." नंतर तिनं मला जेवायला वाढलं.  तिचं दुःख मी तिला न विचारता उचललं होतं आणि आपल्या कामाला लावलं होतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं, की गेल्या महिन्यात जावेच्या थोरल्या पोरीचं डोहाळजेवण गावाकडं झालं. तिला पहिली पोरगी आहे, हे दुसरं. सासरच्या बायांनी आधीच निरोप धाडला होता, की पहिला हात तुमच्या काकूचाच पाहिजे, त्यांच्या हाताला पोरं आहेत. लहानी आता नांदेडलाच नर्सिंगला आहे, होस्टेलवर राहते. दोन वर्षांत माझ्या घरी आली नव्हती. आईनं सांगितलं म्हणून मला न्यायला आली. मी अर्धापूरच्या केळीचा घड घेतला, तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला, आणि आम्ही एसटीत शेजारी बसलो.

लोहा गेलं तरी ती खिडकीबाहेर बघत होती. मग तिकडंच बघत विचारलं, "मोठी आई, तवा मला खरंच तुमच्या नावावर लावणार होत्या का?"

हाव म्हटलं. दहा वर्षं ह्याच्यावर काय काय बोलायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं, की माझी चूक होती, तुझी काही चूक नव्हती, तू झालीस म्हणून माझं घर भरलं. त्यातलं काही तोंडात आलं नाही.

"आणि आई हो म्हणली असती तर?"

"तर तू कागदावर माझी झाली असती."

"आणि आई सरपंच," ती म्हणली. अहमदपूर येईपर्यंत केळीचा घड तिच्याच मांडीवर होता.

घरी पाट मांडलेला, पोरगी पदर पसरून बसलेली. मी जावेला बाजूला घेतलं. म्हटलं, आज पहिला हात तू घे, पोरगी तुझी आहे. सासरच्यांना मी सांगते. ती थोडी हसली. "मला काय करायचंय अक्का आता पहिला न् शेवटचा. तुम्हीच भरा." आणि मी वळणार तेवढ्यात माझ्या दंडाला हात लावून हळूच म्हणली, "फक्त तोंडानं काही बोलू नका."

मी पुढं झाले. खण ठेवला, नारळ ठेवला, केळी ठेवली. ओंजळ भरली. आता सगळ्या बाया माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. पोरीची सासू तर पदर सावरून ऐकायला बसलेली. म्हणली, काकू, म्हणा की काहीतरी. मी बोलले नाही. इतकी वर्षं सवय लागलेली जीभ, ती दातांमागं धरायला लई जड गेलं.

तुरीच्या त्या दुपारी अशीच गप्प बसले असते तर, हे मनात आलं. पण सुपापाशी लहानी उभी होती, ताट धरून, आईसारखीच सरळ. त्या दुपारी मी गप्प बसले असते तर ताट धरायला ती नसती. माझं पस्तावणं रोज इथंच येऊन अडकतं. जावेचं गेलं त्याचं वाईट वाटून घ्यावं, तर ते ह्या पोरीवर जातं. आणि तिच्यासमोर तर ते आता चेहऱ्यावरसुद्धा येऊ द्यायचं नाही.

मी ओंजळ तिरकीच सोडली. अर्धे गहू पदराबाहेर, पाटावर सांडले. बायांत कुजबुज झाली. लहानीनं ताट खाली ठेवलं, वाकून एक एक करत गहू गोळा केले आणि माझ्या ओंजळीत घातले.

"हं," ती म्हणली, "टाका."