रकान्यात न मावलेले मामा

मेल्याशिवाय माणसाची अफू सुटत नाही, असं सरकारचं ठाम मत होतं, आणि उभ्या वऱ्हाडात ते खोटं पाडायचा विडा एकट्या माझ्या मामांनी उचलला होता. नागपूरहून आलेला हुकूम साधा होता. अफू खाणाऱ्यांची नावं वहीत चढवायची, नवं नाव घ्यायचं नाही, जुन्यांना परवान्यावर दर खेपेला थोडी कमी अफू द्यायची आणि वहीतली माणसं संपायची वाट पाहायची. मामांचंही नाव त्या वहीत होतं, पण मामा वाट पाहणाऱ्यांतले नव्हतेच. नांदगाव पेठेजवळच्या बागेत ते बैलाशी भांडत, विहिरीशी भांडत, आणि देवाशी रोज सकाळी पूजेच्या वेळीच भांडून घेत, म्हणजे दोघांचाही दिवस मोकळा राही.

अफू सोडली तीही भांडूनच. संत्र्याला मृगाचा बहर यावा म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात झाडांना ताण देतात, म्हणजे त्यांचं पाणी तोडतात. पानं गळतात, परक्याला वाटतं बाग गेली. मग पाणी मिळालं की तीच झाडं फुलांनी लगडतात. मामांनी स्वतःला तसाच ताण द्यायचं ठरवलं. बागेतल्या खोपीत जाऊन पडले आणि मामीला म्हणाले, "म्या कितीबी बोंबललो तरी गोळी देजो नोको." पायांत गोळे, नाकाला धार, पोट तर ठरेचना. त्या दिवसांत त्यांनी मामीच्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मामी दाराशी बसून शेवंतीच्या माळा ओवत सगळं ऐके आणि म्हणे, "आयकून राह्यली ना मी. आता ताक घ्या." महिन्याभरानं मामा उठले ते भाकर मागतच.

दुसरा कुणी इथं थांबला असता. मामा परवाना घेऊन अमरावतीला कचेरीत गेले. "माह्या नावापुढं लिवा, सुटला." कारकून सभ्य होता. त्यानं वही फिरवून दाखवली. नाव खोडायला रकाना एकच होता, मयत. वर त्यानं तोडगाही काढला, "तोच भरून टाकतो. नाव निघाल्याशी मतलब."

"मले मेला लिवसान," मामा म्हणाले, "त लोक म्हणतीन, पाहा, अफीम सोडली अन् मेला. मंग कोन सोडीन?"

"अहो, सरकार मात्रा कमी करतंय ना?"

"ताण त देता. पाठीमांगून पानी कोन देते? खोपी नाई, ताक नाई, दाराशी बसाले मानूस नाई. झाड वाळते ना, बाप्पा."

तेव्हापासून अफू वाटायच्या दिवशी मामा अमरावतीतल्या अफूच्या दुकानासमोर उभे राहून रांगेतल्या लोकांना आपले दंड दाखवू लागले. दंड फारसे बघण्यासारखे नव्हते, पण चार-पाच जण त्यांच्यामागून बागेत आले आणि मामीनं ताकाचं मडकं मोठं आणलं. परतताना मामा कचेरीत डोकावत आणि तीच मागणी करत. पुढं पुढं कारकून त्यांना पाहताच स्टूल सरकवी.

गेल्या हिवाळ्यात दोन दिवसांच्या तापानं मामा गेले. कचेरीत कळवायला मी गेलो. कारकुनानं चष्मा काढून पुसला, वही उघडली आणि हळूच म्हणाला, "आता तरी भरावा लागेल." मी पानावर हात ठेवला.

"आधी सुटला लिहा. मग गेला लिहा."

"तसा रकाना नाही हो."

"मग राहू द्या."

त्यानं टाक खाली ठेवला. नाव तसंच आहे. सरकारच्या लेखी मामा अजून जिवंत आहेत आणि अजून अफू खातात. हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी कचेरी डोक्यावर घेतली असती. तो आवाज आता नाही, म्हणून मला बागेत करमत नाही.

तरी यंदा मृगात गेलो. मामीनं झाडांना पाणी सोडलं होतं, फांद्यांवर कळी दिसत होती. खोपीत भातकुली गावचा कुणी एक जण पडून तिच्या माहेरचा उद्धार करत होता. मामी दाराशी माळ ओवत बसली होती.

"आयकून राह्यली ना मी," ती आत बघत म्हणाली. "आता ताक घ्या."