तिकिटाऐवजी दोरा

आमच्या इंदिरानगरच्या महिला मंडळाने भारुडाचा कार्यक्रम ठरवला. तिकीट पन्नास रुपये, उरेल ते अंध मुलींच्या वसतिगृहाला. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "तिकिटं मोबाइलवरून विकू. ॲपवाली कंपनी तिकिटामागे पैसे कापते, म्हणून सत्तर ठेवू."

मी म्हणाले, "आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाया सत्तर देणार नाहीत. पन्नासच राहील."

"मग छापायची का, काकू? छपाईलाही पैसे पडतात."

"छापायचीही नाहीत."

माझी सून येवल्याची, तिच्या माहेरी पैठणीचे माग आहेत. साडी मागावरून उतरवली की रेशमाची तोकडी टोकं उरतात. ती मी पिशवीभर मागवली, सगळी एकाच जांभळ्या रंगाची. जिने पन्नास दिले, तिच्या मनगटाला मी स्वतः दोरा बांधला. सेक्रेटरीबाई हसल्या, "काकू, राखीपौर्णिमा लवकर आली."

"येऊ दे. ओवाळणी वसतिगृहाला जाईल."

कार्यक्रमाच्या दिवशी दारात चार बाया रिकाम्या मनगटाने उभ्या राहिल्या. रेशमाची गाठ साबणाच्या पाण्यात सुटते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. चौघीही भांडी घासणाऱ्या. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "आता कसं ओळखायचं?"

चूक माझी होती, त्यांची नव्हती. मी म्हणाले, "दोरे मी बांधलेत. कोणाला बांधले ते मला ठाऊक आहे. सोडा आत."

चौघी पुढच्या रांगेत बसल्या.

यंदाही तिकीट पन्नासच आहे. दोरा मात्र मी पायात बांधते. भांडी कोणी पायाने घासत नाही.