काचेचा बाऊल

ऑकलंडमध्ये, पापाटोएटोला, आमच्या शेजारी एक म्हातारी गोरी बाई एकटी राहायची. कुंपणाला लागून तिचं फिजोआचं, पेरूसारख्या हिरव्या फळांचं, झाड. सीझनला ती काचेच्या बाऊलमध्ये फळं घालून कुंपणावरून द्यायची. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी त्यात कधी चिवडा, कधी वड्या घालून परत करायचे. मग तासभर आम्ही तिथेच उभ्या.

पुढे घरांचे भाव भडकले आणि आम्ही सगळेच पिसाळलो. शनिवार आला की देवळात जावं तसे विकाऊ घरांची ओपन होम बघायला! आपल्या मंडळींच्या जेवणात एकच विषय, कुणी कितीला घेतलं. आम्हीही दुसरं घर घेतलं. त्यापायी मी फार्मसीत वीकेंडच्या शिफ्ट घेतल्या. स्वयंपाकघरात फ्रोझन पराठे आले आणि तिचा बाऊल फळीवर पडून राहिला.

एकदा तिनं बाऊलची आठवण करून दिली. म्हटलं, रविवारी लाडू करते, भरूनच आणते. ती म्हणाली, रिकामा आण, पण ये. छे, रिकामं भांडं घेऊन कसं जायचं? असे कितीतरी रविवार गेले. शेवटी शरमेनं मी त्या बाजूला कपडे वाळत घालणंसुद्धा सोडलं. मूर्ख बाई, दुसरं काय.

एका सकाळी तिच्या दारात ऑक्शनची पाटी दिसली. मुलांनी तिला वृद्धाश्रमात हलवलं होतं. झाड गेलं, तिथे सहा टाउनहाउस उभी राहिली. आता माझा नवरा नाही, मुलगी सिडनीला. दोन घरांची मालकीण मी, आणि त्या सहा घरांत मला ओळखणारं एक माणूस नाही. संध्याकाळी घर खायला उठतं.

गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्या दुकानदाराकडून तिचा पत्ता मिळवला, लाडू वळले आणि बाऊल भरून घेऊन गेले. तिनं मला लगेच ओळखलं. लाडवांकडे पाहिलंही नाही.

"यायला तुला लाडू लागत होते?" तिनं विचारलं.

मला रडूच आलं.

निघताना तिनं लाडू ताटलीत काढून घेतले, चहाबरोबर आलेली दोन बिस्किटं बाऊलमध्ये ठेवली आणि तो माझ्या हातात दिला. माझी रीत तिच्या अजून लक्षात होती. पुढच्या शनिवारी मी बाऊल घासला, पुसला आणि रिकामाच घेऊन गेले.