अकरा वाजता बंद पडणारा कॅमेरा

आमच्या हॉलच्या कोपऱ्यात छताजवळ एक कॅमेरा बसवला आहे. मुलाने पुण्याहून येऊन, स्वतः स्टुलावर चढून तो लावला. चोरांसाठी, असं त्याने शेजाऱ्यांना सांगितलं. चोर या घरातून नेणार काय, बायकोच्या लग्नातला मिक्सर? कॅमेऱ्याचं तोंड दार, स्विचबोर्ड आणि माझी खुर्ची यांच्याकडे आहे, तेव्हा नजर कोणावर आहे ते मला लगेच कळलं.

बायको गेल्यापासून भोपाळच्या कोटरा भागातल्या या घरात मी एकटाच राहतो. मागच्या हिवाळ्यात बाथरूममध्ये घसरून पडलो, गुडघा सुजला. तेवढ्यावर पुण्यात एक बैठक झाली आणि मला न विचारता ठराव पास झाला: कॅमेरा नीट चालला तर बाबांनी भोपाळला राहावं, नाहीतर पुण्याला यावं. पुण्याला म्हणजे बाराव्या मजल्यावर, नातवाच्या खोलीत, त्याच्या क्रिकेटच्या किटशेजारी. पुणं चांगलं शहर आहे. सगळे तसं सांगतात, विशेषतः पुण्याचे लोक. पण मला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

आणि हा कॅमेरा आठवडाभरातच रोज बंद पडायला लागला.

रोज म्हणजे रोज. मी अकराच्या सुमारास भाजीला जातो. ठेल्यावर गिलकी, म्हणजे घोसाळी, निवडता निवडता फोन उघडून पाहावं, तर 'कॅमेरा ऑफलाइन'. घाईघाईने घरी यावं, पंखा लावून खुर्चीत टेकावं, की दोन मिनिटांत कॅमेरा झक्कपैकी चालू! मी घरात असलो की ठणठणीत, बाहेर पडलो की नेट गायब. नव्या नवरीलाही नवऱ्याशिवाय इतकं करमेनासं होत नसेल.

मी काही असातसा माणूस नाही. पिपलानीच्या कारखान्यात सदतीस वर्षं टेस्टिंगला होतो. माझ्या सहीशिवाय यंत्र गेटबाहेर पडत नसे. तेव्हा मी एक जुनं रजिस्टर काढलं आणि बिघाडाची रीतसर नोंद सुरू केली. 'अकरा पाच, बंद. बारा दहा, चालू. हवामान स्वच्छ.' आठ दिवसांनी निष्कर्ष काढला की शेजारच्या वहिनी अकरा वाजता मायक्रोवेव्ह लावतात, त्याच्या लहरींनी आमचं वायफाय मरतं. मी त्यांच्याकडे जाऊन स्वयंपाकाची वेळ बदलायची सूचना केली. त्यांनी ती ऐकून घेतली, चहा दिला आणि सांगितलं की त्यांच्याकडे मायक्रोवेव्हच नाही.

मग कस्टमर केअर. तिथल्या बाईंनी राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाईंनी तेच सांगितलं. सदतीस वर्षांत आम्ही कोणत्याही यंत्राला असं वागवलं असतं तर मेमो मिळाला असता.

मुलगा रात्री फोन करायचा. तो काही विचारायच्या आधीच मी वीज गेल्याचं सांगून टाकायचो, "आज इकडे लाइट गोल होती." तो नुसता "बरं" म्हणायचा. रागावत नव्हता, पुण्याच्या तिकिटाचं बोलत नव्हता. माझी थाप चालली म्हणून मी खूश होतो. मनातून मात्र धास्ती होती, की गुपचूप सामान हलवणाऱ्यांना फोन करत असेल.

शेवटी नेटवाल्या कंपनीचा मेकॅनिक आला. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, जुन्या भोपाळचा. मी त्याला रजिस्टर दाखवलं. त्याने ते आदराने चाळलं. "बिघाड चालू असतानाच पकडायचा," मी त्याला माझ्या हिंदीत समजावलं. "आप यहीं बैठिए, राउटर पर नज़र रखिए. मैं सब्ज़ी लेकर आता हूँ."

चपला घातल्या, पिशवी घेतली, दाराशी गेलो.

"साहब," मागून आवाज आला, "पंखा तो चलने देते."

वळून पाहिलं. पंखा थांबत आला होता. माझा हात अजून स्विचबोर्डावर होता. चारही बटणं बंद. दिवा, पंखा, टीव्ही आणि चौथं, राउटरचं.

"मैंने कुछ नहीं किया," मी म्हणालो. खरंच तसं वाटत होतं मला.

त्याने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. कॅमेऱ्याची लाइन वेगळी, त्यामुळे त्याचं रेकॉर्डिंग इमानेइतबारे चालू होतं. सोमवार: चपला, पिशवी, हात वर, चार बटणं. मंगळवार: तेच. शिफ्ट संपली की खटाखट स्विच पाडूनच शेड सोडायची, ही कारखान्याची सवय. आल्यावर चारही चालू, तीही त्याच झटक्यात. हात नोकरीतून निवृत्त झालाच नव्हता, आणि डोक्याला त्याची खबर नव्हती.

मेकॅनिक गेल्यावर मला भीती वाटली. रोज जे करतो तेच ठाऊक नसेल, तर अशा म्हाताऱ्याने पुण्यालाच गेलेलं बरं, नाही का? मग चौथ्या बटणावर आडवीउभी चिकटपट्टी मारली आणि मुलाला कळता कामा नये असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी भाजीला गेलोच नाही. स्वतःच्या हाताचा भरवसा नव्हता, म्हणून बोर्डापासून लांब, मागच्या खोलीत पेपर घेऊन बसलो. सव्वाअकराला फोन वाजला. मुलगा ऑफिसच्या वेळेत कधी फोन करत नाही.

"बाबा, बरे आहात ना?" आवाज चिरका झालेला. "हॉलमध्ये दिसत नाही तुम्ही. आणि कॅमेरा चालू आहे अजून!"

"चालू आहे तर ओरडतोस कशाला?"

"रोज अकराला बंद होतो ना! त्याआधीची क्लिप येते मला. चपला, पिशवी, तुमचा हात. तो दिसला की मी मीटिंगला जातो. आज हात आला नाही."

म्हणजे याला पहिल्यापासून ठाऊक होतं. आणि मी रोज लाइट गोल करत होतो.

"मग पुण्याचं?" मी विचारलं.

"हात येतोय तोवर कसलं पुणं," तो म्हणाला.

मी हॉलमध्ये गेलो. चिकटपट्टी चांगलीच बसली होती, नखाने खरवडून काढावी लागली. मग चौथं बटण पाडलं.

"हं, गेला," तो म्हणाला, आणि मीटिंगला गेला.